पाहुण्याचा न्याय

'अदालत' हा शब्द आपणांपैकी बहुतेकांच्या नित्य परिचयाचा आहे; काहींचे तर अर्धे आयुष्य त्याच्या सावलीत गेले असेल. ज्या अरबी धातूपासून हा शब्द निघाला त्याचा अर्थ न्याय, समतोल. बहरीनची राजधानी मनामा येथे ह्याच धातूपासून झालेले नाव धारण करणारी एक वस्ती आहे: अदलिया. नावावरून तेथे वकील, कारकून आणि पक्षकार यांची वर्दळ असावी असे कोणास वाटेल. प्रत्यक्षात अदलियाची ख्याती रात्रीच्या भोजनगृहांसाठी, मद्यगृहांसाठी आणि चित्रांसाठी आहे. बहरीनमध्ये पत्ता लिहिताना घर, रस्ता आणि विभाग यांचे क्रमांक घालतात. अदलियातील ज्या भागात ही सारी गजबज एकवटली आहे त्याचा क्रमांक ३३८. हा रुक्ष आकडाच आता त्या वस्तीचे लाडके नाव होऊन बसला आहे. काही गल्ल्यांत मोटारींना मज्जाव आहे, भिंतींवर मोठमोठी चित्रे रंगविलेली आहेत आणि एकेकाळी कुटुंबे नांदत असलेल्या बंगल्यांतून आता इटालियन, जपानी, थाई आणि आपल्याकडचेही पदार्थ वाढले जातात. १९९८ साली स्थापन झालेले 'अल् रिवाक' हे कलादालन ह्याच वस्तीत नावारूपास आले. रिवाक म्हणजे ओवरी. न्यायाच्या नावाच्या वस्तीत चित्रांची ओवरी, आणि तिच्या आसपास पहाटेपर्यंत जागणारे दिवे, असे हे स्थळ आहे.

गुरुवारची संध्याकाळ ही तेथील खरी पर्वणी, कारण २००६ पासून बहरीनची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार अशी आहे. समुद्रावरून जाणारा सुमारे पंचवीस किलोमीटरचा सेतू १९८६ साली खुला झाल्यापासून सौदी अरेबियातूनही माणसे येतात. तिकडे सर्वसामान्यांस जे मिळत नाही ते इकडे कायद्याने मिळते. परंतु ह्या गल्ल्यांचे नित्याचे रहिवासी म्हणावेत ते सौदीही नव्हेत आणि पुष्कळदा बहरीनीही नव्हेत. २०२० च्या जनगणनेत बहरीनची लोकसंख्या सुमारे पंधरा लाख भरली, आणि तीत नागरिक निम्म्याहून कमी होते. उरलेले बहुतेक नोकरीच्या परवान्यावर आलेले. अदलियाच्या टेबलांभोवती बसतात ते त्यांच्यातील सुस्थितीतले लोक: बँकेतील अधिकारी, अभियंते, शिक्षिका, डॉक्टर, इंग्रज, लेबनानी, फिलिपिनो, भारतीय, आणि त्यांत मराठीही.

हे बेट आपणांस वाटते तितके परके नाही. इराणी आखातातील इंग्रजी कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारकडे आणि त्यानंतर १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारकडे होता. १९६५ साली स्वतःचा दिनार निघेपर्यंत बहरीनच्या बाजारात रुपया चालत असे. तेथील मोती मुंबईत विकले जात आणि आपल्या नथींत व तन्मणींत बसत. आज आपणांपैकी कित्येकांचा भाचा, पुतण्या किंवा सून तिकडे आहे. तेव्हा त्या वस्तीत उपस्थित होणारा नैतिक प्रश्न हा केवळ दुरून पाहावयाचा प्रश्न नव्हे.

प्रथम ज्याला मी खरा प्रश्न मानीत नाही त्याचा निकाल लावतो. मुलगा आखातात गेला आणि सुट्टीच्या रात्री अशा वस्तीत बसतो असे कळले की घरी पहिली शंका येते ती मद्याची आणि संगतीची. ही शंका अगदीच निराधार नाही. पण तिच्या बुडाशी असलेली समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. आपली बरीचशी नीती शेजाऱ्यांनी सांभाळलेली असते. 'लोक काय म्हणतील' ह्या तीन शब्दांत मनुस्मृतीपेक्षा अधिक धाक आहे. शेजारी नाहीसे झाले म्हणजे नीतीही नाहीशी होईल, असे आपण गृहीत धरतो. प्लेटोच्या 'रिपब्लिक' ह्या संवादात ग्लॉकन हेच गृहीत धरून गायजीझच्या पूर्वजाला सापडलेल्या अंगठीची कथा सांगतो: अंगठी फिरवली की माणूस अदृश्य होतो, आणि अदृश्य झालेला माणूस न्यायाने वागेल कशाला? परदेशी शहरात गेलेल्या माणसाच्या बोटात अशीच एक अंगठी असते. पंधरा लाखांच्या गर्दीत त्याला नावाने ओळखणारे पन्नासही नसतात.

तथापि, जे दिसते ते ग्लॉकनच्या अपेक्षेप्रमाणे नाही. बहुतेकांच्या हातून फारसे काही अघटित घडत नाही. ते जेवतात, गप्पा मारतात, कोणाचे गाणे ऐकतात, एखाद्या नव्या चित्रकाराचे प्रदर्शन पाहतात आणि घरी जातात. किंबहुना एखाद्या अविवाहित मुलीला आयुष्यात प्रथमच रात्री अकरा वाजता एकटीने कॉफी पिता येते आणि कोणी तिच्याकडे वळून पाहत नाही, ही गोष्ट मला नीतीच्या ऱ्हासाची वाटत नाही. इतकी वर्षे तिला आपण हे करू दिले नाही ह्याचीच खंत वाटावयास हवी. अंगठीचा धोका आहे, पण तो ग्लॉकनने दाखविला तेथे नाही. परदेशी राहणारा स्वतः अदृश्य होतो त्याचे फारसे बिघडत नाही. त्याला इतर माणसे दिसेनाशी होतात, तेथे बिघडते. आणि ही किमया करणारा मंत्र अगदी साधा, सभ्य, किंबहुना विनयाचा भासणारा आहे: 'हा काही माझा देश नव्हे.'

हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या प्रत्येकाने ते ह्या ना त्या रूपात ऐकले आहे. तीन वर्षांसाठी आलो आहोत. सरकारी बंगल्याच्या आवारात आंबा कशाला लावावयाचा, त्याचे फळ तर पुढचा साहेब खाणार! मग हंगामी फुलझाडे लावून आपण मोकळे होतो. (आंबा लावणारेही पाहिले आहेत. गोदावरीपलीकडच्या एका जिल्ह्यात एका मराठी अधिकाऱ्याने लावलेली दहा-बारा झाडे त्याच्या नावाने ओळखली जातात, आणि तो अधिकारी कोण होता हे आज तेथे कोणासच नीट सांगता येत नाही.) पण आपल्यात आणि अदलियातील पाहुण्यात एक महत्त्वाचा भेद आहे. आपण दिल्लीत असू, हैदराबादेत असू वा भोपाळला असू, आपण नागरिक असतो. भाषा परकी असेल, जेवण परके असेल, पण मत आपले असते. बहरीनमधील परदेशी माणसाला संसदेच्या निवडणुकीत मत नाही. १९६३ च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्वासाठी अर्ज करावयास अरबाला पंधरा आणि इतरांना पंचवीस वर्षांचे वास्तव्य लागते, आणि तेवढ्यानेही ते हक्क म्हणून मिळत नाही. नोकरी गेली की परवाना जातो आणि परवाना गेला की विमान गाठावे लागते. ज्याला घरातून केव्हाही निघावयास सांगता येते त्याने घराच्या न्याय-अन्यायाची उठाठेव का करावी?

'रिपब्लिक'चा आरंभ कोठे होतो हे पुष्कळ वाचक विसरतात. न्याय म्हणजे काय ह्याची पाश्चात्त्य जगातील ही सर्वात गाजलेली चर्चा अथेन्सच्या न्यायसभेत होत नाही, बाजारातही होत नाही. ती होते पायरीअस ह्या बंदरवस्तीत, एका परदेशी माणसाच्या घरी, एका उत्सवाच्या रात्री. थ्रेस देशातील बेंडिस देवीचा नवा उत्सव तेथे सुरू झालेला असतो; तो पाहण्यास सॉक्रेटीस गेलेला असतो. परतताना त्याला गाठून सांगितले जाते की रात्री घोडेस्वारांची मशालींची शर्यत आहे, रात्रभर जागरण आहे, तेव्हा थांबा. परका देव, परक्या माणसांची वस्ती, रात्रीची रोषणाई आणि जेवणाचे आमंत्रण: अदलियाशी ह्याचे साम्य मी ओढूनताणून आणीत नाही.

ज्याच्या घरी मंडळी जमतात तो वृद्ध सेफालस मूळचा सिराक्यूजचा. पेरिक्लीसच्या सांगण्यावरून तो अथेन्सला आला आणि ढाली तयार करण्याच्या धंद्यात संपन्न झाला. पण तो नागरिक नव्हे, 'मेटिक', म्हणजे निवासी परदेशी. मेटिकाने दरसाल बारा द्राख्मांचा कर द्यावा, युद्धप्रसंगी लढावे, पण लोकसभेत बोलू नये. विशेष सवलतीवाचून जमीन घेऊ नये. आणि कोणा नागरिकाला आपला पाठीराखा म्हणून नोंदवावे. आखातातील 'कफील' ह्या शब्दाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हा पाठीराखा कोण हे निराळे सांगावयास नको. पुढे ॲरिस्टॉटलने नागरिकाची व्याख्या केली ती अशी की न्यायदानात आणि अधिकारपदांत ज्याचा वाटा तो नागरिक. आणि ही व्याख्या करणारा स्वतः अथेन्समध्ये मेटिकच होता! सेफालसच्या कुटुंबाचे पुढे काय झाले तेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. इ. स. पू. ४०४ मध्ये तीस जुलमी शासकांनी श्रीमंत मेटिकांची संपत्ती लुटली, तेव्हा सेफालसचा मुलगा पोलेमार्कस याला विष पाजून मारण्यात आले. धाकटा मुलगा लिसियस निसटला आणि नंतर त्याने भर न्यायालयात त्या लुटीचा हिशेब मांडला. पाहुण्याचे वैभव असे पानावरच्या थेंबासारखे असते. जो पाहुणा गप्प बसतो त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी हे आठवावे.

परंतु लिसियसने मांडलेल्या त्या हिशेबात एक आकडा आहे: जप्त झालेल्या मालमत्तेत एकशेवीस गुलाम होते. म्हणजे ज्या घरी न्यायाची चर्चा झाली ते घर स्वतः निराधार होते खरे, पण त्याहून निराधार अशा माणसांच्या श्रमावर उभे होते. आणि प्लेटोने, कळत वा न कळत, त्यांतील एकाला संवादाच्या अगदी दारात उभे केले आहे. सॉक्रेटीसला थांबविणारा पहिला माणूस पोलेमार्कस नव्हे, त्याचा गुलाम पोरगा. तो धावत येतो, मागून सॉक्रेटीसचे वस्त्र धरतो, धन्याचा निरोप सांगतो आणि नाहीसा होतो. त्यानंतर सबंध ग्रंथभर न्यायाविषयी कोणीही त्याला काही विचारीत नाही.

अदलियात टेबलापाशी बसलेला परदेशी असतो तसा टेबलापाशी उभा असलेलाही परदेशीच असतो. वाढणारी फिलिपाइन्सची, स्वयंपाकघरात केरळचा वा बंगालचा माणूस, दारावर नेपाळी, गल्ली झाडणारा बांगलादेशी. एकाच विमानतळावरून, एकाच खात्याचा शिक्का घेऊन सारे आत आले. पण इंग्रजी भाषेने त्यांची वाटणी केली आहे: बसलेला तो 'एक्स्पॅट', उभा असलेला तो 'लेबर'. आपल्या भाषेला ही वाटणी जुळवून घ्यावयास वेळ लागला नाही. आपणही 'तो तिकडे मोठ्या पदावर आहे' आणि 'तो तिकडे कामाला आहे' असे भेदाने बोलतो. कायद्यानेही हा भेद अलीकडे गोड करून मांडला आहे. २०२२ मध्ये बहरीनने दीर्घ मुदतीचा 'सुवर्ण' निवास-परवाना सुरू केला. नोकरदाराला तो मिळावयाचा तर पाच वर्षांचे सरासरी मासिक वेतन २००० दिनार हवे, आणि एक दिनार म्हणजे दोनशे रुपयांहून अधिक. हे वेतन वाढप्याचे नव्हे हे सांगावयास नको.

गुलाम आणि मजूर यांत महदंतर आहे. ते पुसून टाकून बोलणे हा आवेशाचा आळस होय. वाढणारी मुलगी स्वेच्छेने आली आहे. तिच्या पैशांवर तिकडे भावाचे शिक्षण चालले आहे, आईचे घर उभे राहत आहे. 'तिची दया करू नका, तिला काम द्या,' असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. बहरीनच्या शासनानेही काही केलेच नाही असे नाही: २००९ मध्ये, आखातात प्रथमच, मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची मुभा तेथे मिळाली. २०११ मध्ये तिला एका वर्षाच्या नोकरीची अट जोडण्यात आली, आणि घरकाम करणाऱ्यांना ती मुळातच नव्हती. उन्हाळ्याच्या ऐन दिवसांत दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करवून घेण्यास २००७ पासून बंदी आहे. आपल्या शहरांतील बांधकामावरच्या मजुराला असे चार तास कोणी दिले आहेत काय? तेव्हा परदेशी बसून परक्या घराला न्यायाचे धडे देण्याचा अधिकार आपणांस आहे असे मी मानीत नाही. 'हा माझा देश नव्हे' हे वाक्य तेवढ्यापुरते खरे आहे.

पण ते वाक्य कोणाला उद्देशून उच्चारले जाते? यजमानाला उद्देशून असेल तर तो विनय होय. वाढणाऱ्या मुलीला उद्देशून असेल तर त्याला काही अर्थच उरत नाही, कारण तो देश तिचाही नव्हे. दोन पाहुण्यांमधील व्यवहारात यजमानाचे नाव पुढे करून सुटता येत नाही. तिचा पगार वेळेवर होतो की नाही, तिचे पारपत्र तिच्यापाशी आहे की मालकाच्या कपाटात, आठवड्यातून एक दिवस तिला मोकळा मिळतो की नाही, ह्या गोष्टी बहुधा कोणा शेख-अमीराच्या हातात नसतात. त्या व्यवस्थापकाच्या, हिशेबनिसाच्या, 'मनुष्यबळ' असे भारदस्त नाव असलेल्या विभागातील कोणा पदवीधराच्या हातात असतात. आणि त्या खुर्च्यांवर आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत. घरी ठेवलेली मोलकरीण तर सर्वस्वी आपल्याच हातात असते. स्वतःला सुशिक्षित म्हणविणाऱ्या कुटुंबांतही तिला रजेचा दिवस देण्याविषयी जी घासाघीस चालते ती ऐकून लाज वाटते.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आखातात एका आस्थापनेत हिशेबाचे काम पाहतात. माणूस रसिक, गुरुवारी चित्रे पाहावयाची, त्यांविषयी लांब पत्रे लिहावयाची, हा त्यांचा शिरस्ता. एका वर्षी धंद्यात ओढाताण आली तेव्हा खालच्या कामगारांचे पगार तीन महिने थांबले. ह्यांचा मात्र वेळेवर होत राहिला. कोणाचे देणे आधी चुकते करावयाचे ह्याची यादी तेच तयार करीत, आणि तीवर पहिली सही त्यांची असे. रजेवर आले असता त्यांनी मला विचारले, 'मी तेथे पाहुणा. मी काय करावयास हवे होते?' नोकरी सोडावयास हवी होती असे त्यांना सांगणे मला सोपे होते, कारण नोकरी माझी नव्हती. त्यांची मुलगी वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. मी इतकेच विचारले की यादीवर सही करताना तुम्ही काही लिहिलेत काय? त्यांनी लिहिले होते. कामगारांचे थकलेले वेतन सर्व देण्यांच्या आधी द्यावे, अशी एका पानाची टिप्पणी त्यांनी मालकाकडे धाडली होती. तिला उत्तर आले नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी ती पुन्हा धाडली. पाचव्या महिन्यात थकबाकीचा काही भाग दिला गेला. तो टिप्पणीमुळे की कामगारांनी तक्रार गुदरल्यामुळे, हे त्यांना कळले नाही.

एवढ्याने कर्तव्य पुरे झाले काय? मला खात्री देववत नाही. पण टिप्पणीला तुच्छ लेखणारा माणूस कचेरीत बसलेला नसतो, असा माझा अनुभव आहे. शंभर वर्षांपूर्वी ह्याच बेटावर मोत्यांच्या धंद्यात पाणबुड्यांना हंगामापूर्वी उचल देत आणि ती कधी फिटू देत नसत. बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर बसे. १९२० च्या दशकात सुधारणा झाली तिचा गाभा कोणते तत्त्वज्ञान नव्हते. प्रत्येक पाणबुड्याच्या नावाची हिशेबाची वही असावी आणि ती त्याच्यापाशी असावी, एवढाच तो नियम होता. धनको नाखवे ह्या वहीवर संतापले. स्वतः पाणबुड्यांनाही उचल कमी झाल्याचा राग आलाच, आणि १९३२ मध्ये दंगा झाला. न्याय नेहमी गोड लागतो असे नाही. मुंबईच्या बाजारात त्या मोत्यांचे वजन करणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात त्या वहीचा विचार आला असेल काय?

चित्रांविषयीही एक शंका मनात येते. उत्तम चित्र आपणांस पाहावयास शिकविते असे रसिक म्हणतात, आणि ते खरे असावे. अदलियाच्या भिंतीवर रंगविलेल्या एखाद्या चेहऱ्यापुढे माणसे दहा-दहा मिनिटे उभी राहतात. त्याच भिंतीपाशी पहाटे मद्यगृहे बंद झाल्यावर वाढपी, आचारी आणि भांडी घासणारे गाडीची वाट पाहत उभे राहतात, आणि गाडी आली की दाटीवाटीने बसून शहराच्या कडेच्या खोल्यांकडे जातात. एका खोलीत किती जण असतात हे त्यांच्या ग्राहकांस ठाऊक नसते, आणि विचारणे असभ्यपणाचे वाटते. मला स्वतःला ह्या सभ्यतेचे कोडे आहे. जेवणात मीठ कमी पडले तर तेच गृहस्थ निःसंकोचपणे आचाऱ्यास बाहेर बोलावून घेतात.

पायरीअसमधील ती मशालींची शर्यत अखेर कोणी पाहिलीच नाही. बोलणे लांबत गेले, न्यायाचे आदर्श नगर उभे राहिले, तत्त्वज्ञ राजे झाले, कवींना हद्दपार करण्यात आले. तो पोरगा मात्र तेवढ्या वेळात केव्हातरी दिव्यात तेल घालावयास आत येऊन गेला असेल. प्लेटोने त्याचे नाव दिलेले नाही.